तेलात बुडवलेले बूट

लालबागमधल्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, परबांच्या दाराबाहेर, चपलांच्या रॅकच्या सगळ्यात खालच्या खणात एक गोणपाट पडलेलं असायचं. त्याच्याखाली परबांच्या सुनेचे बूट असायचे. ते झाकून का ठेवलेत असं कुणी विचारत नसे, कारण खाली काही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, परबांनी पाय पुसायचं गोणपाट धुवायला काढलंय आणि विसरलेत.

सून म्हणजे नूपुर. माहेर गिरगावातलं, वडील सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. ती इंजिनीयर होती आणि शहराच्या पोटातून जो बोगदा खणत होते त्यात उतरून काँक्रीट तपासायची. तिची सासू शांता शेजारणींना सांगायची, "आमची सून भुयारात कामाक असता. लिफ्टने जाता."

गोणपाटाची कल्पना नूपुरचीच. आपल्या पायातलं सासऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उघडं पडू नये, एवढंच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात गॅलरी धुताना दत्ताराम परबांनी तिचे बूट भिजू नयेत म्हणून हाताने उचलून वर ठेवले होते. ती आतून धावत आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

"बाबा, माझ्या पायातल्याला हात नका हो लावू. मला पाप लागेल."

दत्तारामांचा पापपुण्याचा फारसा अभ्यास नव्हता. पण बूट हातात होते तेवढ्यात त्यांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या होत्या, आणि त्या त्यांनी दीड वर्ष पोटात ठेवल्या. एक, बुटाचं कातडं वाईट होतं. दोन, बूट तिचा नव्हता.

बूट कंपनीचा होता. कंपनीचे बूट सात नंबरपासून सुरू व्हायचे. नूपुरचा पाय चार नंबरचा. सातच्या खाली माणूस नसतो असं कंपनीचं मत असावं. नूपुर तीन मोजे चढवायची, पुढे कापूस कोंबायची आणि जायची. नोव्हेंबरात एक दिवस बोगद्याच्या लोखंडी जिन्यावर तिचा बूट वरच्या पायरीवर राहिला आणि पाय खालच्या पायरीवर गेला. गुडघ्याला पाच टाके पडले. सेफ्टीचे साहेब म्हणाले, मापाचे बूट आल्याशिवाय खाली उतरायचं नाही. स्वतःचे आणलेत तरी चालतील. बोटांवर लोखंडी वाटी हवी, घोटा आवळून धरलेला हवा, तळ घसरता कामा नये. डिसेंबरच्या तिसऱ्या सोमवारी मी तपासेन. नापास झाले तर खाली दुसरा माणूस जाईल, आणि मॅडम कायमच्या वर ऑफिसात, कॉम्प्युटरपुढे.

नूपुरने हे घरी जेवताना सांगितलं. आपल्याला फार लागलेलं नाही असं दिसावं म्हणून सांगता सांगता आमटी वाढून घेतली. ताटात भात नव्हता. खाली उतरायची परवानगी मिळवायला तिला तीन वर्षं लागली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी त्या आमटीकडे बघितलं.

नवऱ्याने, म्हणजे नीलने, तिथल्या तिथे मोबाइलवरून बूट मागवले. ते आले. चार नंबर, बायकांचे, गुलाबी नाडीचे. चार दिवस घरात घालून फिरल्यावर उकडलेल्या बटाट्यासारखी त्यांची साल निघायला लागली.

दत्तारामांनी सालीचा एक तुकडा उचलला, नखाने खरवडला, नाकाशी धरला.

"ह्या कातडा न्हय. ह्यो कागद. वरसून रंग मारलेलो."

"परत पाठवू ना पप्पा. पैसे मिळतात," नील म्हणाला.

"पैसे मिळतीत. बूट खंय मिळतले?" दत्ताराम म्हणाले. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "बूट मी बघतंय."

नीलने मोबाइल ताटाशेजारी ठेवला. मिल बंद पडल्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती आणि तेव्हापासून दत्ताराम "मी बघतंय" असं कशाविषयीच म्हणाले नव्हते. मधली काही वर्षं ते एका सोसायटीच्या गेटवर बसले होते. तिथे बघायचंच काम होतं, पण ते वेगळं.

मिलमध्ये ते साचेखात्याच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्याच्या, स्टोअरला होते. त्यांच्या ताब्यात पिकर असायचे. पिकर म्हणजे म्हशीच्या कच्च्या कातड्याचा मुठीएवढा ठोकळा. मागाच्या दोन्ही अंगांना एकेक बसवलेला. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला फटका मारून पलीकडे पाठवायचा, पलीकडच्याने फटका मारून परत. मिनिटाला शंभरेक फटके, तीन पाळ्या. कोरडा पिकर आठवड्यात फुटतो. म्हणून तो माशाच्या तेलाच्या टाकीत सहा सहा महिने बुडवायचा, मग टांगून सुकवायचा, की दगडासारखा चिवट होतो. त्या टाकीचं झाकण कधी उघडायचं आणि कुठला पिकर कधी काढायचा हे दत्ताराम ठरवायचे. साचेवाले येऊन सांगायचे, "दत्तारामच्या हातचा दे, दुसरा नको." आता पिकर म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे दत्ताराम ते कुणाला सांगायच्या भानगडीत पडत नसत. पोटच्या पोरालाही नाही.

*

दत्ताराम नूपुरला सीमाकडे घेऊन गेले. ती पायाचं माप घेऊन बूट शिवायची; दुकान परळला, हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत. दारावर पाटी नव्हती. डॉक्टरच कागदावर पत्ता लिहून द्यायचे. एक पाय आखूड असलेले, बोटं काढलेले, साखरेमुळे तळव्याची जाणीव गेलेले असे सगळे तिच्याकडे यायचे. वडिलांनंतर दुकान तिनेच चालवलं. पन्नाशीची, चष्मा कपाळावर, हातात कातडं कापायची रापी.

"पायाला काय झालंय?" तिने नूपुरला विचारलं.

"काही नाही."

"मग इथे कशाला आलात?"

दत्तारामांनी सांगितलं. सीमाने घड्याळाकडे बघितलं. सकाळचे दहा वाजले होते.

"संध्याकाळी या. सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर उभं राहून फुगलेला पाय पाहिजे मला."

संध्याकाळी गेले. सीमाने नूपुरला कागदावर उभं केलं, पेन्सिल फिरवली, मग बसवून पुन्हा फिरवली. घोट्याभोवती टेप लावली. गुडघ्यावरची टाक्यांची खूण बघितली.

"डावा जरा मोठा आहे तुमचा."

"हो? मला कुणी सांगितलं नाही कधी."

"कुठला तरी एक असतोच. कोण कुणाला सांगतं?" असं म्हणत तिने तीन कातडी बाकावर पसरली. "हे बघा. हे दिसायला सगळ्यात छान."

पहिलं चकचकीत होतं. दत्तारामांनी ते दुमडलं, घडीवर अंगठा दाबला, मग उलटं करून मागची बाजू पाहिली. "ह्यो खालचो थर. वरची साल दुसऱ्या कुणाक तरी गेली. ह्येका रंग चोपडून उभो केल्यानी." दुसरं त्यांनी दोन ठिकाणी दाबलं आणि बाजूला सरकवलं. "पोटाकडचा. लोंबतला." तिसऱ्यावर त्यांनी बोट ओलं करून एक थेंब ठेवला आणि तो मुरतो का बघत बसले. बराच वेळ बसले. नूपुरने एकदा घड्याळ पाहिलं. थेंब सावकाश, मनाविरुद्ध आत गेला. मग त्यांनी कातडं वाकवलं. घडीवर बारीक, दाट सुरकुत्या पडल्या आणि सोडल्यावर निघून गेल्या.

"ह्या पाठीचा असा. ह्याच्यातला दी."

सीमाने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "काका, आमच्या लायनीतले का तुम्ही?"

"मिलमधलो. साचेखातं."

"मिलमध्ये कापूस असतो."

"कापूस सगळ्यांका दिसता," दत्ताराम म्हणाले.

नूपुरने सासऱ्यांकडे बघितलं. दीड वर्षात तिने त्यांच्या तोंडून सलग एवढी वाक्यं ऐकली नव्हती.

"बरोबर आहे तुमचं," सीमा म्हणाली. "म्हशीचं आहे, पाठीचं, वरची साल शाबूत. क्रोममध्ये कमावलेलं."

क्रोम म्हणजे नळाच्या तोटीवर चढवतात ते, एवढं दत्तारामांना माहीत होतं. ते कातड्यावर कशाला चढवायचं हे त्यांना कळलं नाही. पण आताच इतकं शहाणं ठरल्यावर लगेच विचारणं बरं दिसलं नसतं. त्यांनी मान हलवली.

बारा दिवसांनी, मंगळवारी, बूट तयार झाले. तपकिरी, बोटांवर आतून लोखंडी वाटी, घोट्याच्या वर चार बोटं, तळ चिकटवलेला नाही, जाड दोऱ्याने शिवलेला. नूपुरने दुकानातच घातले आणि चार पावलं चालली. मग थांबली आणि आपल्या पायांकडे बघत राहिली, नवीन शेजाऱ्याकडे बघावं तशी.

"मध्ये कापूस नाहीये," ती म्हणाली.

"कापूस नसतो बुटात," सीमा म्हणाली. "आता ऐका. चिखल लागला की लगेच घासत बसू नका, वाळू द्या, मग ब्रश. आत वर्तमानपत्र कोंबायचं आणि सावलीत वाऱ्याला ठेवायचे. उन्हात नाही, गॅसजवळ नाही, फ्रीजच्या मागे नाही. हसू नका, लोक ठेवतात. आठवड्यातून एकदा ह्या डबीतलं मेण, बोटाच्या टोकावर येईल एवढं. बास."

"आणि तेल?" दत्तारामांनी विचारलं.

"तेल डोक्याला."

दत्तारामांनी ते ऐकलं. कानांनी ऐकलं. डोक्याने ते त्या वेळी त्यांच्या टाकीचं झाकण उघडत होते.

*

बुधवारी सकाळी नूपुर गिरगावला गेली. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रविवारी संध्याकाळी येणार होती. नील कामासाठी दहा दिवस बाहेरगावी होता. जाताना तिने नवे बूट रॅकमध्ये ठेवले आणि वर गोणपाट टाकलं.

दुपारी दत्ताराम वरळी कोळीवाड्यात एका ओळखीच्या माणसाकडे गेले आणि पाच लिटर माशाचं तेल घेऊन आले. होडीच्या लाकडाला लावायचं तेल. हल्ली तिथेही कुणी लावत नाही, म्हणून तर उरलं होतं. तेल काळसर होतं आणि त्या माणसाने कॅन देताना तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. दत्तारामांना मात्र तो वास नाकात गेल्यावर चाळीस वर्षांपूर्वीची सकाळची पाळी आठवली आणि बरं वाटलं.

प्रश्न भांड्याचा होता. घरात दोन बूट मावतील असा एकच डबा होता, शांताचा चकलीचा पत्र्याचा. दत्तारामांनी बूट त्यात उभे केले, तेल ओतलं, झाकण बसेना म्हणून वर वरवंटा ठेवला आणि डबा माळ्यावर चढवला. पिकरला सहा महिने. बूट पातळ, त्याला दोन दिवस पुरे. सोमवारी साहेबाने त्या बुटावर हातोडा मारला तरी चालणार होतं. नूपुरला सांगायचं नाही, कारण सांगितलं तर ती हात लावू देणार नाही आणि वर पाया पडेल. हा सगळा विचार त्यांनी स्टुलावर उभं राहून केला आणि त्यात त्यांना काही खोट दिसली नाही.

दुसरा दिवस गुरुवार होता, आणि महिना मार्गशीर्ष. परबांच्या घरी एरवी मासळीवाचून घास उतरत नसे, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी अंडंसुद्धा उंबरठा ओलांडत नसे. शांताने सकाळी कलशावर नारळ ठेवून लक्ष्मी मांडली, वेणी घातली, नथ घातली. दुपारपर्यंत तिला वाटत होतं की वास खालच्या मजल्यावरून येतोय. ती मनातल्या मनात खालच्या मजल्याला बोल लावत होती.

संध्याकाळी शेजारच्या रमाबाई हळदीकुंकवाला आल्या. पाटावर बसल्या. नाक जरासं वर केलं.

"शांताबाई, आज गुरुवारच ना?"

"हो."

"नाही, मला वाटलं मीच चुकले."

त्यांनी कुंकू लावून घेतलं, केळं घेतलं, दूध मात्र कपातच ठेवलं आणि गेल्या. त्या दार उघडून बाहेर पडल्या तेव्हा शांताला दिसलं की गॅलरीत चाळीतली तीन मांजरं ओळीने बसलीत, तोंडं परबांच्या दाराकडे करून, बोलावणं आल्यासारखी.

शांता स्टुलावर चढली.

"ह्या काय?" माळ्यावरून आवाज आला.

"बूट," दत्ताराम खालून म्हणाले.

"कोणाचे?"

"नूपुरचे. भिजत घातलंय."

"माज्या चकलीच्या डब्यात?"

"दुसरो एवढो डबो नव्हतो."

शांता खाली उतरली. पदराने नाक धरून तिने आधी नवऱ्याकडे, मग कलशाकडे बघितलं. "आज गुरवार. देवीक काय वाटात ओ?"

दत्तारामांनी विचार केला. "देवी समुद्रातसूनच इली ना?"

शांता कलशाकडे वळली. तिने चार उदबत्त्या लावल्या. त्याने एवढंच झालं की घराला आता माशाचा आणि मोगऱ्याचा असे दोन्ही वास यायला लागले.

*

शुक्रवारी सकाळी दत्तारामांनी डबा खाली काढला, बाह्या वर केल्या आणि पहिला बूट बाहेर ओढला.

पिकर तेलातून काढला की हाताला वजनदार लागायचा, खणखणीत. हा बूट ओल्या मोज्यासारखा आला. घोट्याच्या भागाने त्यांच्या मनगटावर मान टाकली. रंग काळा पडला होता. दुसरा, डावा, वरवंट्याच्या वजनाखाली दबलेला होता. त्याची अवस्था सांगण्यासारखी नव्हती.

दत्तारामांनी दोन्ही बूट गॅलरीतल्या दोरीवर टांगले, कारण पिकर टांगायचे असतात. वाट पाहिली. अकराच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो परब, माझ्या चादरीवर काय गळतंय?" दत्ताराम खाली वाकून म्हणाले, "तेल." मग त्यांनी बूट काढले. सुकून घट्ट होण्याऐवजी ते आणखी लोळत होते. तेव्हा कुठे त्यांच्या मनात तो शब्द परत आला. क्रोम.

बूट पिशवीत घालून ते परळला चालत निघाले. दोन मांजरं सिग्नलपर्यंत सोबत आली.

सीमाने पिशवी उघडली. एक बूट दोन बोटांनी बाहेर काढून म्हणाली, "कुणी केलं?"

"मी."

"का?"

दत्तारामांनी सांगितलं. टाकी, सहा महिने, शंभर फटके, सगळं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की हे आपण वीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय, आणि ते असं, कबुलीजबाब दिल्यासारखं.

सीमा ऐकता ऐकता बोटांवरचं तेल पुसत होती. मग ती म्हणाली, "काका, पिकर म्हणजे कच्चं कातडं. कच्चं कातडं उपाशी असतं. जेवढं पाजाल तेवढं पितं आणि घट्ट होतं. हे जेवून आलेलं आहे. कमावतानाच ह्याला पोटभर तेल घातलेलं असतं. तुम्ही जेवलेल्या माणसाला धरून परत पंगतीत बसवलंत."

"मगे आता मेला काय ता?"

"तळ शिवलेला होता म्हणून वाचला. चिकटवलेला असता तर डब्याच्या बुडाशी सापडला असता." तिने घोट्याचा भाग दाबून बघितला. बोटं रुतली. "सोमवार ना? तोपर्यंत नवीन होत नाही माझ्याच्याने. हे दोन लाकडी फर्मे घ्या, तिच्याच मापाचे आहेत. फर्मा आत घातला की बूट आकार सोडणार नाही. बाहेरून कोरडी मुलतानी माती. दाबून भरायची, दोन तासांनी झटकायची, परत नवीन. कुठे गरम करायचं नाही, पाण्याचा थेंब नाही. माझ्या बापाने एकदा केलं होतं असं. अर्धं तेल निघालं होतं."

"अर्धाच?"

"अर्धं म्हणजे खूप झालं. आणि सुनेला सांगा."

"सांगतलंय."

"तिला वास यायच्या आधी सांगा."

नूपुरला जिन्यातच वास येणार होता आणि हे फोनवर सांगवणार नव्हतं, पण दत्ताराम हो म्हणाले.

किराणावाल्याकडे त्यांनी सहा किलो मुलतानी माती मागितली. "काका, घरात लग्न वाटतं?" किराणावाला म्हणाला. दत्ताराम पुन्हा हो म्हणाले. ते सोपं होतं.

शुक्रवार दुपारपासून ते गॅलरीत स्टूल टाकून बसले. मांडीवर जुनं वर्तमानपत्र, त्यावर सुनेचा बूट. माती भरायची, थापायची, थांबायची, झटकायची. झटकलेली माती पिवळी, तेलकट, भिजलेल्या बेसनासारखी पडायची. गॅलरीतून जाणारा प्रत्येक माणूस चाल मंद करायचा.

"सुनेचे?" रमाबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही?"

"हो."

रमाबाईंनी पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. संध्याकाळपर्यंत तळमजल्याला माहीत झालं होतं की परब सुनेचे बूट पुसतात, आणि साधे नाही, त्यांना फेसपॅक लावतात. शनिवारी सकाळी शांता रव्याची चाळणी घेऊन बाहेर आली, नवऱ्याशेजारी खाली बसली आणि मातीचे खडे चाळायला लागली. गुरुवारनंतर ती पहिल्यांदा त्याच्या इतक्या जवळ बसली होती. दुपारी तिने एवढंच विचारलं, "डाव्याक जास्त घालूक होयी काय?"

"होयी," दत्ताराम म्हणाले.

*

रविवारी संध्याकाळी साडेसहाला नूपुर जिना चढून आली. दत्तारामांनी दोन दिवसांत एक वाक्य तयार केलं होतं. ती समोर आली तेव्हा त्यांच्या मांडीवर डावा बूट होता, पांढराफटक, आणि वाक्य गेलं होतं.

"नूपुर, माज्याकडसून चूक झाली गो," ते म्हणाले. मग जे काय झालं ते सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, क्रोमला मान हलवली तिथपासून.

नूपुर बॅग खांद्यावर तशीच ठेवून ऐकत होती. पाया पडली नाही. रडलीही नाही.

"उद्या नऊला चेकिंग आहे, बाबा."

"ठाव असा."

"नापास झाले तर मला परत नाही उतरवणार ते. त्यांनी दुसरा माणूस बघूनही ठेवलाय."

"तर तुजा काम माज्यामुळे गेला," दत्ताराम म्हणाले. "तसा मी साहेबाक येऊन सांगतंय. होया तर."

नूपुर खाली बसली. उजवा बूट उचलून तिने नाकाशी नेला आणि तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं ते बहुतेक ठसक्याचं.

"तुम्ही माझ्या बुटांना हात लावलात."

"दर दोन तासांनी."

नूपुरने बॅग उतरवून भिंतीशी ठेवली. दुसरा ब्रश उचलला. "कुठल्या दिशेने झटकायचं?" तिने विचारलं.

*

सोमवारी सकाळी शांताने सुनेच्या हातावर दही ठेवलं. बूट आता तपकिरी आणि काळ्याच्या मध्ये कुठेतरी होते. उजवा बऱ्यापैकी उभा राहत होता. डावा उभा राहायचा प्रयत्न करत होता. नूपुरने नाड्या आवळून बांधल्या आणि ती गेली. चाळीच्या फाटकापर्यंत तीन मांजरं गेली आणि परत आली.

दत्ताराम गॅलरीत बसून राहिले. नऊ वाजले. दहा वाजले. फोन आला नाही. शांता म्हणाली, तुम्हीच करा. दत्ताराम म्हणाले, ती ऑफिसात असेल तर उचलेल, आणि तिने उचलला की कळलंच. म्हणून ते करत नव्हते.

अकराला त्यांनी केला. फोन कानाशी धरून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग तो शांताच्या कानाला लावला. तिनेही ऐकलं.

"काय म्हणता ती बाई?" शांताने विचारलं.

"संपर्क क्षेत्राच्या बाहेर असा म्हणता."

"मगे?"

"ऑफिसात रेंज असता," दत्ताराम म्हणाले. "भुयारात नसता."

शांताने फोन त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा लावला. ती बाई पुन्हा तेच म्हणाली, मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. शांताने तिन्ही भाषांत ऐकून घेतलं. दत्तारामांनी एकला परत लावला, आणि तीनला. काही नवीन कळणार होतं म्हणून नाही.

संध्याकाळी नूपुर आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून.

"साहेबांनी वाटी दाबून बघितली, ठोकून बघितली," ती जिन्यापासूनच सांगत आली. "मग तेल सांडलेल्या पत्र्यावर उभं केलं मला. घसरले नाही. मग बुटावर बाटलीभर पाणी ओतलं. सगळं ओघळून खाली! दोनदा ओतलं त्यांनी. उजवा पास. डावा घोट्याशी सैल आहे म्हणाले, पट्टी बांधून घाला आणि पंधरा दिवसांनी परत दाखवा."

"आणि वास?" शांताने विचारलं.

"ते शेऱ्यात लिहिलंय. 'बूट केबिनच्या बाहेर काढावेत.'"

शांता आत चहा टाकायला गेली. नूपुरने बूट काढले, रॅकमधलं गोणपाट ओढून जमिनीवर पसरलं आणि बूट त्याच्यावर ठेवले. चिखल ओला होता, त्यामुळे ब्रशला कुणी हात लावला नाही. ती सासऱ्यांसमोर भिंतीला टेकून बसली.

"त्यांनी विचारलं, हे केलंय काय ह्या बुटांना? मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी पिकरसारखे भिजवलेत. तर म्हणाले, पिकर म्हणजे काय?" ती थांबली. "मला सांगता येईना, बाबा. काल तुम्ही सांगितलंत पण माझं लक्ष नव्हतं. काय असतं ते नक्की?"

दत्तारामांनी तिच्याकडे बघितलं, ती खरंच विचारतेय का ते. मांजरं येऊन गोणपाटाच्या कडेला बसली होती.

"त्याका वेळ लागात," ते म्हणाले.

"चिखल वाळायलाही लागेल."

दत्ताराम स्टुलावर जरा सरळ बसले. कुठून सुरुवात करावी याचा त्यांनी विचार केला. टाकी नंतर येणार होती, साचे त्याच्याही नंतर.

"आधी म्हैस लागता," ते म्हणाले.